पडद्यावर मजकूर दिसतो, तरी स्क्रीन रीडर ‘रिकामे पान’ का म्हणतो?

डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले, तेव्हा त्या निकालाच्या बातम्या सर्वत्र आल्या. त्या प्रकरणाचा रोख मुख्यतः बँका आणि इतर संस्थांच्या ऑनलाइन ओळखपडताळणीवर होता. दृष्टिहीन माणसाची रोजची अडचण मात्र पुष्कळदा त्याहून साध्या ठिकाणी सुरू होते. ई-मेलमधून एक पीडीएफ फाईल येते, ती उघडली की संगणकाचा आवाज म्हणतो, ‘रिकामे पान’, आणि शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला त्याच पानावर काठोकाठ मजकूर दिसत असतो.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांना संगणक शिकवताना हा प्रसंग मी वारंवार पाहिला आहे. एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीच्या सूचनेची फाईल वाचता येईना, म्हणून तिने स्क्रीन रीडर दोनदा काढून पुन्हा बसवला. मग ओळखीच्या दुकानदाराने संगणक फॉरमॅट करून दिला, त्यात तिच्या वर्षभराच्या टिपणांचा काही भाग गेला, आणि एवढे होऊनही फाईल वाचली गेली नाही. दोष तिच्या संगणकात नव्हताच, तो फाईलमध्ये होता. हे दोन मिनिटांत ओळखता आले असते. ती दोन मिनिटांची तपासणी कशी करायची आणि तिच्या निकालावरून पुढे काय करायचे, हे या लेखात सांगायचे आहे.

## स्क्रीन रीडर पडद्याकडे पाहत नाही

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात किंवा ब्रेल यंत्रावर पोहोचवणारे सॉफ्टवेअर. विंडोजवर एनव्हीडीए आणि जॉज ही दोन नावे सर्वाधिक ऐकू येतात. त्यांपैकी एनव्हीडीए मोफत आणि मुक्तस्रोत असून त्याचे काम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाले. विंडोजमध्ये नॅरेटर, आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक मुळातच असतात.

नावावरून असे वाटते की हे सॉफ्टवेअर पडद्याकडे पाहून वाचत असावे. प्रत्यक्षात ते पडद्यावरील चित्र पाहत नाही. जो प्रोग्रॅम उघडा आहे त्याला ते विचारते, ‘तुझ्याकडे कोणता मजकूर आहे?’ आणि मिळालेले उत्तर आवाजाच्या हवाली करते. म्हणजे फाईलकडून पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रॅमकडे, तिथून स्क्रीन रीडरकडे आणि शेवटी आवाजाकडे असा निरोप चौघांच्या हातून जातो. निरोप्याने काही सांगितले नाही, तर चूक त्याची असेल असे नाही. त्याच्यापर्यंत निरोपच आला नसेल. स्क्रीन रीडर या साखळीत उशिरा येतो आणि बोलतो मात्र तोच, त्यामुळे बहुतेक वेळा दोषही त्याच्याच माथी येतो.

## पीडीएफमध्ये मजकूर असतो की त्याचे चित्र?

अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये पीडीएफ आणली, ती कोणत्याही संगणकावर आणि कोणत्याही प्रिंटरवर पान हुबेहूब तसेच दिसावे यासाठी. २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. पान कसे दिसेल हा तिचा मूळ प्रश्न होता आणि त्यातला मजकूर कोणत्या क्रमाने वाचायचा, हा प्रश्न नंतर आला.

जुन्या छापखान्यातले जुळारी आठवून पाहा. जुळारी शिशाचे खिळे एकेक करून ओळीत लावत असे. खिळ्याला आपण ‘क’ आहोत की ‘ख’ हे ठाऊक नसते, त्याला फक्त आकार असतो. पीडीएफचे पान बरेचसे तसेच असते. अमुक जागी अमुक खिळा ठेवा, इथे रेघ ओढा, तिथे चित्र लावा, अशा सूचनांची ती यादी असते. शीर्षक कोणते, परिच्छेद कुठे संपतो, तक्त्यातील रकाना कोणता, हे त्या यादीत आपोआप येत नाही. ते सांगण्यासाठी फाईलला जी अदृश्य लेबले जोडतात, त्यांना टॅग म्हणतात. टॅग जोडण्याची सोय २००१ पासून आहे आणि दिव्यांगांना वापरता येईल अशी पीडीएफ कशी असावी याचे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकही २०१२ मध्ये आले. तरीही आपल्याकडे फिरणाऱ्या असंख्य फायलींत टॅग नसतात.

## दोन मिनिटांची तपासणी

काहीही काढून पुन्हा बसवण्याआधी दोष कोणत्या हातात आहे हे पाहावे. आधी शेवटचा हात, म्हणजे आवाज, तपासावा. नोटपॅडमध्ये मराठीत एक ओळ टाइप करून ती ऐकावी. ती नीट वाचली गेली नाही, तर पीडीएफचा प्रश्नच नाही. निवडलेल्या आवाजाला देवनागरी येत नाही. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठी आहे. तो यांत्रिक वाटतो हे खरे, पण तपासणीला तो पुरेसा आहे.

त्यानंतर स्वतः वर्डमध्ये चार ओळी लिहून त्यांची पीडीएफ करावी आणि ती उघडून ऐकावी. ही फाईल वाचली गेली, तर प्रोग्रॅम आणि स्क्रीन रीडर दोघेही ठीक आहेत आणि संशय मूळ फाईलवर येतो. ही चाचणी फार थोडे लोक करतात, आणि फॉरमॅट करण्याची पाळी तिच्यामुळेच टळते.

आता संशयित फाईल अ‍ॅक्रोबॅट रीडर या अ‍ॅडोबीच्याच पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून सगळा मजकूर निवडावा, कॉपी करावा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. एनव्हीडीए वापरणाऱ्यांनी त्याआधी एनव्हीडीए कळ आणि स्पेस दाबून फोकस मोडमध्ये, म्हणजे दाबलेल्या कळा थेट प्रोग्रॅमकडे जातात अशा अवस्थेत, जावे, नाहीतर निवड फाईलमधली न होता स्क्रीन रीडरने स्वतःजवळ घेतलेल्या प्रतीतली होते आणि चाचणीचा अर्थच बदलतो. एनव्हीडीए कळ म्हणजे बहुतेकांच्या संगणकावर इन्सर्ट.

नोटपॅडमध्ये काय उतरते, त्यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो. काहीच उतरले नाही, इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उतरला, मोडकी देवनागरी उतरली, किंवा मजकूर शुद्ध उतरला, अशा चार शक्यता आहेत.

## काहीच उतरले नाही, तर

बहुधा ते पान म्हणजे कागदाचा फोटो आहे. फळ्यावरच्या लेखनाचा मोबाइलने फोटो काढला तर आपल्याला अक्षरे दिसतात, मोबाइलच्या दृष्टीने मात्र ते पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचे चित्र असते. स्कॅन केलेली पीडीएफ अगदी तशीच असते. प्रोग्रॅमकडे सांगण्यासारखा मजकूरच नसतो, म्हणून तो ‘रिकामे पान’ सांगतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असते.

निष्कर्ष काढण्याआधी एक गोष्ट मात्र पाहावी. फाईल बनवणाऱ्याने कॉपी करण्यास बंदी घातली असेल, तरीही नोटपॅड रिकामा राहतो. अ‍ॅक्रोबॅटमध्ये कंट्रोल आणि डी दाबले की फाईलचे गुणधर्म उघडतात. त्यातल्या सिक्युरिटी या विभागात मजकूर कॉपी करण्याची परवानगी आणि दिव्यांगांच्या वाचनसाधनांसाठीची परवानगी वेगवेगळी दिलेली असते. पहिली नाकारून दुसरी देता येते, त्यामुळे कॉपी न होणारी फाईल स्क्रीन रीडरने वाचली जाऊ शकते. फाईल उघडतानाच विचारला जाणारा पासवर्ड ही आणखी वेगळी बाब. ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो, आणि तो दिल्यावर वाचनात कोणतीही आडकाठी येऊ नये.

पान खरोखरच फोटो असेल, तर ओसीआर लागते. चित्रातील आकार पाहून त्यांवरून अक्षरे ओळखणारे तंत्र म्हणजे ओसीआर. एनव्हीडीए कळ आणि आर दाबले की विंडोजमधील ओसीआर चालते, आणि इंग्रजी पानासाठी ते हाताशी असलेले चांगले साधन आहे. मराठीसाठी त्यावर विसंबू नये. मराठीसाठी टेसरॅक्ट हे मुक्तस्रोत साधन आहे. त्यात मराठीची स्वतंत्र भाषाफाईल बसवावी लागते, आणि ते आपल्याच संगणकावर चालत असल्याने कागद बाहेर जात नाही. गूगल ड्राइव्हवर फाईल चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली तरी मराठी ओसीआर होते, आणि ते सोपे आहे. पण बँकेचा उतारा, वैद्यकीय अहवाल किंवा आधार असे कागद कुठल्याही अनोळखी ‘मोफत ओसीआर’ संकेतस्थळावर टाकू नयेत, हे मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. वाचता येत नसल्याची अगतिकता असते तेव्हाच माणूस ही काळजी विसरतो.

## इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उतरला, तर

पडद्यावर स्वच्छ ‘मराठी’ असे दिसते आणि स्क्रीन रीडर ‘ई जे के बी एच’ असे काहीतरी म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटते, फाईल खराब झाली. प्रत्यक्षात ती जशी बनवली तशीच आहे.

संगणकाला अक्षर म्हणजे एक क्रमांक. युनिकोड ही जगातील लिप्यांना असे क्रमांक देणारी सामाईक पद्धत १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट आहे. ती आपल्या संगणकांवर रुळण्याआधी छपाईची गरज भागवण्यासाठी एक युक्ती निघाली. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवायचे आणि फॉन्टमध्ये त्यांच्या जागी देवनागरीचे आकार काढायचे. कृतिदेव या फॉन्टमध्ये लहान ‘ई’ या इंग्रजी अक्षराच्या जागी ‘म’ आहे, ‘जे’च्या जागी ‘र’, ‘के’च्या जागी काना, मोठ्या ‘बी’च्या जागी ‘ठ’ आणि ‘एच’च्या जागी दुसरी वेलांटी. ही बहुरूप्याचीच गोष्ट आहे. सोंग देवनागरीचे, आतला माणूस इंग्रजी. डोळ्यांना सोंग दिसते आणि स्क्रीन रीडरला आतला माणूस सापडतो. श्रीलिपी, आकृती, आयएसएमचे जुने फॉन्ट या सगळ्यांनी आपापल्या परीने हेच केले आणि त्या काळात मराठी प्रकाशनव्यवसाय त्यांच्यावर उभा राहिला. त्या काळासाठी ते योग्यही होते. आजही नव्या परिपत्रकासाठी तेच फॉन्ट वापरले जातात, याला मात्र काही कारण उरलेले नाही.

खात्री करायची असेल, तर गुणधर्मांच्या त्याच खिडकीत फॉन्ट्स या विभागात फाईलमधील फॉन्टची नावे असतात. ‘कृतिदेव’ किंवा ‘श्री-देव’ने सुरू होणारे नाव दिसले, की कारण कळले.

यावर पहिला उपाय रूपांतरकाचा. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी असल्याने फॉन्ट नेमका ठाऊक असावा लागतो. शिवाय पीडीएफ करताना कधी कधी आतले क्रमांकही बदललेले असतात, मग रूपांतरक हात टेकतो. अशा वेळी दुसरा उपाय ओसीआरचा, कारण ओसीआर आकार पाहते आणि सोंगाचा आकार तर बरोबरच असतो. इथे एक आडवळण येते. अ‍ॅक्रोबॅटच्या सशुल्क आवृत्तीसह काही ओसीआर साधने ‘या पानावर मजकूर आधीच आहे’ असे सांगून काम नाकारतात. मग पाने आधी चित्रांत रूपांतरित करावी लागतात आणि त्या चित्रांवर ओसीआर चालवावे लागते. मजकूर असलेल्या पानाचे मुद्दाम चित्र करणे विचित्र वाटते, पण तो मजकूर वाचण्याजोगा नाही हे एकदा लक्षात आले की त्यातली विसंगती संपते.

## मोडकी देवनागरी उतरली, तर

हा प्रकार सर्वांत जास्त गोंधळात टाकतो, कारण फाईल बनवणारा ठामपणे सांगतो, ‘आम्ही युनिकोडच वापरतो’, आणि ते खरे असते. तरीही नोटपॅडमध्ये ‘शासन निर्णय’ऐवजी ‘शासन िनणर्य’ उतरते, ‘स्थिती’चे ‘िस्थती’ होते आणि ‘धर्म’चे ‘धमर्’ होते. स्क्रीन रीडर तेच जसेच्या तसे उच्चारू पाहतो आणि ऐकणाऱ्याला अर्धा शब्द ओळखावा लागतो.

पुन्हा जुळाऱ्याकडे जाऊ. आपण ‘नि’ म्हणतो तेव्हा आधी ‘न’ आणि मग ‘इ’ असा क्रम असतो, आणि युनिकोडही मजकूर याच क्रमाने साठवते. कागदावर मात्र पहिली वेलांटी ‘न’च्या डावीकडे येते, म्हणून जुळारी आधी वेलांटीचा खिळा लावतो. ‘र्ण’मधला रफार उच्चारात ‘ण’च्या आधी आहे, पण कागदावर तो ‘ण’च्या डोक्यावर बसतो, म्हणून त्याचा खिळा नंतर लागतो. वर्डमध्ये लिहिताना मजकूर उच्चाराच्या क्रमाने असतो आणि पीडीएफ होताना तो खिळ्यांच्या क्रमाने मांडला जातो. नंतर कोणी खिळ्यांवरून मजकूर परत मागितला, तर वेलांटी आधी आणि रफार नंतर असाच तो मिळतो. इंग्रजीत लिहिण्याचा आणि उच्चाराचा क्रम एकच असल्याने हा प्रश्न तिथे सहसा उद्भवत नाही, आणि म्हणून इंग्रजी पीडीएफबद्दलचे सल्ले मराठी फायलींना अनेकदा लागू पडत नाहीत.

यावरचा उपायही पीडीएफमध्येच आहे. या खिळ्यांच्या समूहाचा खरा मजकूर अमुक आहे, अशी नोंद फाईलमध्ये जोडता येते, आणि ती असेल तर प्रोग्रॅम खिळ्यांऐवजी तीच नोंद सांगतो. ती जोडायची की नाही हे पीडीएफ बनवणारे सॉफ्टवेअर ठरवते. वाचणाऱ्याच्या बाजूने कोणतेही सेटिंग बदलून, दुसरा आवाज घेऊन किंवा स्क्रीन रीडर बदलून हा दोष जात नाही. मूळ वर्ड फाईल मिळवणे हा सर्वांत चांगला मार्ग, आणि ती मिळत नसेल तर ओसीआर.

## मजकूर शुद्ध उतरला आणि तरीही आवाज गप्प आहे, तर

आता मात्र संशय प्रोग्रॅमवर आणि सेटिंगवर न्यावा. फाईल ब्राउझरमध्येच उघडलेली असेल, तर ती संगणकावर उतरवून अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडावी. क्रोम, एज आणि फायरफॉक्समधील पीडीएफ वाचन बरेच सुधारले आहे, पण अर्ज भरण्याच्या फायली आणि मोठे तक्ते तिथे अजूनही दगा देतात. एका प्रकारचे जुने अर्ज ब्राउझरमध्ये उघडले की पानावर नुसती ‘कृपया थांबा’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते आणि कितीही थांबले तरी पुढे काही होत नाही. ते अर्ज ज्या तंत्राने बनतात ते ब्राउझर सहसा उघडू शकत नाहीत. ते अर्ज अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्येच उघडावे लागतात, आणि हे ठाऊक नसल्यामुळे लोक इंटरनेट मंद असल्याची समजूत करून घेतात.

अ‍ॅक्रोबॅटमध्ये कंट्रोल आणि के दाबल्यावर प्रेफरन्सेस उघडतात. त्यातील रीडिंग या विभागात मोठ्या फायलींची फक्त दिसणारी पाने वाचावीत की पूर्ण फाईल, हे ठरवता येते. पाचशे पानांच्या ग्रंथासाठी पूर्ण फाईल निवडली असेल, तर प्रोग्रॅम आधी सगळी पाने तयार करत बसतो आणि तेवढा वेळ स्क्रीन रीडरला काहीच मिळत नाही. उलट फक्त दिसणारे पान निवडले, तर पानाच्या शेवटी वाचन थांबते आणि फाईल तिथेच संपल्याचा भास होतो. माझा अनुभव असा की ‘अर्धीच फाईल आली’ ही तक्रार बहुधा या दुसऱ्या कारणाने येते.

काही संगणकांवर अ‍ॅक्रोबॅटची सुरक्षित कोंडी, म्हणजे प्रोटेक्टेड मोड, आणि स्क्रीन रीडर यांचे जमत नाही. प्रेफरन्सेसमधील सिक्युरिटी एनहान्स्ड या विभागात ती तात्पुरती बंद करून, अ‍ॅक्रोबॅट पूर्ण बंद करून पुन्हा उघडून पाहावे. फरक पडला नाही, तर ती लगेच पुन्हा चालू करावी. ती घातक फायलींपासून रक्षण करण्यासाठी असते, आणि इंटरनेटवरील कुठल्या तरी सल्ल्यावरून ती कायमची बंद ठेवणे मला योग्य वाटत नाही.

फाईल उघडताना आवाज आला आणि मध्येच थांबला, तर एनव्हीडीए कळ आणि एफ-५ दाबून मजकूर पुन्हा घेता येतो. एवढ्याने भागले नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबून एनव्हीडीए नव्याने सुरू करावा. काढून पुन्हा बसवण्याची गरज क्वचितच पडते.

आवाजाचा एक खोडकर प्रकार मुद्दाम सांगतो. नोटपॅडमध्ये मराठी उत्तम वाचणारा आवाज पीडीएफमध्ये गेल्यावर अडखळतो, सुटी अक्षरे म्हणतो किंवा गप्प होतो. फाईलवर ‘भाषा इंग्रजी’ असे लेबल लावलेले असते आणि एनव्हीडीए त्यावर विश्वास ठेवून आवाज इंग्रजी करतो. एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि व्ही दाबून उघडणाऱ्या आवाजाच्या सेटिंगमध्ये भाषा आपोआप बदलण्याचा पर्याय असतो. तो काढून टाकला की मराठी परत येते.

## वाचले जाते, पण समजत नाही

दोन रकान्यांचे वर्तमानपत्र एखाद्याने डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत, मधली मोकळी जागा ओलांडून वाचले तर जे होईल, ते टॅग नसलेल्या पीडीएफमध्ये होते. अ‍ॅक्रोबॅट अशा वेळी क्रमाचा अंदाज बांधतो. रीडिंग विभागात त्याला अंदाज बांधू देणे, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली असा सरळ क्रम लावणे, किंवा छपाईच्या सूचना फाईलमध्ये ज्या क्रमाने आहेत तोच क्रम घेणे, असे तीन पर्याय आहेत. एकाने अर्थ लागत नसेल, तर दुसरा लावून पाहावा, कारण कोणत्या फाईलला कोणता पर्याय लागू पडेल हे आधी सांगता येत नाही.

तक्त्यांचे दुखणे अधिक खोल आहे. कोणी गुणपत्रिका फोनवर वाचून दाखवताना विषयांची नावे एकदम सांगितली आणि मग नुसते ‘६२, ७१, ५८, ४४’ असे आकडे सांगितले, तर ४४ कशात मिळाले हे ऐकणाऱ्याला मोजत बसावे लागेल. टॅग असलेल्या तक्त्यात स्क्रीन रीडर प्रत्येक आकड्यासोबत रकान्याचे शीर्षक सांगू शकतो, आणि टॅग नसतील तर वाचणाऱ्याच्या बाजूने करण्यासारखे फारसे उरत नाही. फाईलला टॅग आहेत की नाहीत हे कंट्रोल आणि डीच्या खिडकीत पहिल्याच विभागात दिलेले असते. तिथे ‘हो’ असले तरी टॅग बरोबर असतीलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे.

## ‘सही-शिक्का हवा, म्हणून स्कॅन करावेच लागते’

कार्यालयांतून येणारे हे उत्तर समजण्यासारखे आहे. छापलेल्या कागदावर सही झाली की तो कागदच अधिकृत ठरतो, आणि तो स्कॅन करणे ओघाने येते. पण डिजिटल स्वाक्षरी मजकुराला धक्का न लावता पीडीएफवर करता येते. राज्यात सातबारा उतारा डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो, हे शेतकरी कुटुंबांना ठाऊक आहे. ते शक्य नसेल, तरी सहीचे स्कॅन आणि त्याखाली मूळ वर्ड फाईल अशा दोन्ही गोष्टी संकेतस्थळावर ठेवता येतात. दुसरी फाईल आधीच कोणाच्या तरी संगणकात असते.

## ‘ओसीआर आहे ना, मग अडले कुठे?’

ओसीआर हा उपाय आहे, पण तो वाचणाऱ्याच्या वेळावर आणि धोक्यावर चालतो. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांची गल्लत होते, अनुस्वार गळतात, आणि आकड्यांत ‘१’ आणि ‘९’ एकमेकांच्या जागी येऊ शकतात. कादंबरी वाचताना चुकलेला शब्द संदर्भाने सावरता येतो. शुल्काची रक्कम, खातेक्रमांक किंवा मुदतीची तारीख यांत असा आधार नसतो, आणि दृष्टिहीन वाचकाला मूळ चित्राशी ताडूनही पाहता येत नाही. ओसीआर केलेल्या फाईलमधील प्रत्येक आकडा महत्त्वाच्या कामापूर्वी कोणाकडून तरी तपासून घ्यावा, असे मला सांगावे लागते, आणि ज्या परावलंबनातून सुटण्यासाठी हे तंत्र शिकायचे तेच पुन्हा समोर येते.

## फाईल जन्मते ते टेबल

वर्डमध्ये शीर्षकासाठी नुसता ठळक मोठा टाइप न वापरता शीर्षकाची शैली लावली, चित्राला दोन ओळींचे वर्णन दिले, तक्त्याची पहिली ओळ शीर्षकओळ म्हणून नोंदवली आणि ‘सेव्ह अ‍ॅज’ने पीडीएफ केली, तर टॅग बहुतांशी आपोआप जोडले जातात. सेव्ह करतानाच्या पर्यायांत दस्तऐवजाच्या रचनेचे टॅग जोडण्याची खूण असते, तिच्यावर टिक असल्याची खात्री करावी. लिब्रेऑफिसमध्येही निर्यातीच्या वेळी टॅगची खूण मिळते. ‘प्रिंट’मध्ये जाऊन प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडली, तर मात्र हे सगळे गळून पडते आणि फक्त खिळ्यांची मांडणी उरते. दोन्ही पद्धतींनी बनलेली पाने डोळ्यांना सारखीच दिसतात, त्यामुळे करणाऱ्याला काही बिघडले आहे हे कळतच नाही. म्हणून मराठी फाईल प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याने एक परिच्छेद नोटपॅडमध्ये उतरवून पाहावा. ‘निर्णय’चे ‘िनणर्य’ झाले, तर सोबत वर्ड किंवा ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या स्वरूपातली, फाईल द्यावी.

हा केवळ सौजन्याचा विषय उरलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ४२ नुसार माहिती आणि संपर्काची माध्यमे दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत, यासाठी उपाय करण्याची जबाबदारी शासनावर आहे. २०१७ च्या नियमांत संकेतस्थळावरील दस्तऐवज ईपब किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफ स्वरूपात असावेत असेही म्हटले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायद्याने जे बंधनकारक केले ते नियमाने शिफारशींच्या पातळीवर ठेवले होते, आणि केंद्र सरकारला तीन महिन्यांत बंधनकारक निकष ठरवण्यास सांगितले. पुस्तकांच्या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदाच दिव्यांगांसाठी सुलभ प्रत तयार करण्यास मुभा देतो, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात अशा प्रती मिळतात. त्यामुळे एखादे पुस्तक ओसीआरला लावण्याआधी तिथे पाहून घ्यावे.

सुरुवातीला जिचा उल्लेख केला त्या विद्यार्थिनीने पुढच्या खेपेला संबंधित कार्यालयाला ई-मेल लिहिला. फाईल उघडत नाही, असे त्यात लिहिले नव्हते, कारण त्यावर ‘आमच्याकडे उघडते’ एवढेच उत्तर येते. तिने लिहिले, ‘आपल्या पीडीएफमधील मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असल्याने माझ्या स्क्रीन रीडरला इंग्रजी अक्षरे मिळतात. फाईल पुन्हा बनवण्याची आवश्यकता नाही. ज्या वर्ड फाईलमधून ती तयार केली, तीच युनिकोडमध्ये बदलून किंवा आहे तशी पाठवावी. आहे तशी मिळाली, तर फॉन्टचे नाव कळवावे.’ तिसऱ्या दिवशी वर्ड फाईल आली, सोबत फॉन्टचे नाव होते. तिने ती रूपांतरकातून काढली आणि मुदतीला दोन दिवस उरले असताना अर्ज स्वतः भरला.